शरणम्मा विचारत नाही

माझी धाकटी बहीण शरणम्मा माझ्याशी बोलत नाही. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सकाळी तिच्या काटवटीत पीठ मळल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येतो, आणि मी खोकलो की तिला कळतं. तरी बोलत नाही. भाकरी पाठवते, पण ती तिच्याकडं कामाला येणाऱ्या कमलम्माच्या हातून, आणि ताटली परत न्यायलाही कमलम्माच येते.

मला लिहायची सवय नाही. अडत दुकानात पोत्यांवर गावांची नावं घातली, त्यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे नीट उतरेल असं मी म्हणत नाही. पण मला राग आला आहे, आणि तोंडानं भांडणं मला जमत नाही. आमच्या घरात ते काम पहिल्यापासून शरणम्माकडेच होतं.

तिच्या रागाबद्दल बसवकल्याणात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. नळाचं पाणी उशिरा आलं तर लोक नगरपालिकेत जात नाहीत, शरणम्माला सांगतात. उमरग्याच्या खानावळवाल्यानं एकदा तिच्या पातळ कडक भाकऱ्यांत दुसरीकडच्या जाड भाकऱ्या मिसळून तिच्या नावावर विकल्या. ती सकाळच्या गाडीनं उमरग्याला गेली, जेवणाऱ्यांच्या मधोमध उभी राहिली, एक जाड भाकरी उचलून त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणाली की ही मोडली तर मी तुला फुकट पुरवते. ती मोडली नाही. तो माणूस अजून तिच्याकडूनच भाकरी घेतो आणि तिला अक्का म्हणतो.

हा राग तिला हौस म्हणून आलेला नाही. आम्ही मूळचे ठाणाकुशनूरचे. तिला बसवकल्याणात दिली तेव्हा ती हसरी होती, हे मी बघितलेलं आहे. तिचा नवरा पंचाक्षरी आठवडी बाजारात लोखंडी तवे, विळ्या, उलथणी विकायचा. चांगला माणूस. त्यांची एकुलती पोर भुवनेश्वरी, आमची भुवी, नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हा तो काविळीनं गेला. दिवसपाणी झाल्यावर त्याचा मोठा भाऊ चन्नवीर चार माणसं घेऊन आला आणि म्हणाला, पोरगी आमच्या घराची आहे, ती आम्ही सांभाळू. तू तरुण आहेस, भावाकडं जा. मीही तिथं होतो. मला काय बोलावं ते सुचलं नाही. शरणम्मा चुलीपाशी होती. तिनं तापलेलं उलथणं उचललं आणि उंबऱ्यात उभी राहिली. काखेत पोर आणि हातात उलथणं. चन्नवीर बाहेरच्या बाहेर गेला. त्यानंतर विकायचे राहिलेले तवे तिनं परत बाजारात नेले नाहीत, चुलीवर चढवले. कडक भाकरीचा धंदा तिथून सुरू झाला, आणि मीही शेजारच्या घरात राहायला आलो.

हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की पोरीला ती धरून बसली होती ते उगीच नव्हतं. तिच्या हातातून पोरगी काढून न्यायला माणसं आली होती. ती भीती गेली असं ती म्हणते, पण गेलेली नाही.

मायलेकी एका ताटात जेवायच्या. पितळी ताट होतं मोठं, पंचाक्षरीचं. भुवीचा घास लहान होता तेव्हापासून त्या ताटात दोन हात. एका वाकळेत झोपायच्या. सकाळी दोघी शेजारी शेजारी बसून पूजा करायच्या. भुवीच्या डोक्याला तेल, वेणी, शाळेचा डबा, सगळं शरणम्माच्या हातचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, माय असावी तर अशी. मीही म्हणायचो.

पोरगी दहावीत गेली आणि एका संध्याकाळी तिनं फळीवरून स्टीलची ताटली काढून आपली भाकरी वेगळी घेतली. का घेतली विचाराल तर काही नाही. तिला वाचता वाचता जेवायचं होतं. शरणम्मानं त्या ताटलीकडं बघितलं आणि विचारलं, माझ्या हाताला वास यायलाय व्हय. भुवी म्हणाली की तसं काही नाही. शरणम्मानं स्वतःचं जेवण तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी भुवी मुकाट्यानं पितळी ताटापाशी बसली, पण जेवणात दोघींचं लक्ष नव्हतं. मी ओसरीवर होतो, मला दिसत होतं.

मग एकेक निघत गेलं. वेणी मीच घालते म्हणाली, त्यावरून भांडण. कपडे बदलताना दार लावून घेतलं, मग पूजेलाही दार लावून वेगळी बसायला लागली, त्यावरून भांडण. शरणम्मा तिचं दफ्तर बघायची, फोन बघायची, आणि ते लपूनछपून नाही, तिच्या समोर. तिला त्यात काही चुकीचं वाटतच नव्हतं. एकदा मी म्हणालो, मोठी व्हायली ती, थोडं सोड. तर मला म्हणाली, तुला पोर न्हाई अण्णा, तू गप बस. ते खरं होतं, म्हणून मी गप बसलो.

भुवीला खेळाचा नाद लागला तो थ्रोबॉलचा. आमच्या कर्नाटकातल्या मुलींच्या शाळांत तो सगळीकडं चालतो. मधे जाळं असतं, चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा आणि लगेच खांद्यावरून पलीकडं फेकायचा. पोरगी उंच, आणि हातात ताकद आईची. संघात निवडली गेली, मग तालुक्यातून जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. विभागाचे सामने कलबुर्गीला, म्हणजे आमच्या जुन्या गुलबर्ग्याला, होते. चार दिवस तिथं राहायचं होतं, शाळेतल्या मंजुश्री मिस बरोबर जाणार होत्या.

शरणम्मानं नाही म्हणून सांगितलं. खेळायला नाही म्हणत नाही, राहायला नाही म्हणते. पोरगी जन्मल्यापासून एक रात्र तिच्यापासून लांब झोपली नव्हती. भुवी म्हणाली, म्हणूनच जायचं आहे. असं बोलायला नको होतं तिनं. पण बोलली.

आता इथं आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. आमच्यात प्रत्येकाच्या अंगावर त्याचं स्वतःचं इष्टलिंग असतं. मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन ते बांधतात. ते अंगावरून वेगळं करायचं नाही. सकाळी आंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. आणि दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, मग तो नवरा असो की आई. ते ठेवायला चांदीची डबी असते, तिला आम्ही करडगी म्हणतो. दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. भुवीची करडगी पंचाक्षरीच्या आजीची, जुन्या चांदीची, जड.

झालं ते असं. उमरग्याच्या खानावळीत लग्नाची मोठी मागणी होती. दुपारी शरणम्मा आणि कमलम्मा भाकऱ्यांच्या चळती बांधायला बसल्या आणि बांधायचं कापड कमी पडलं. शरणम्मानं भुवीची पत्र्याची पेटी उघडली, एखादी जुनी ओढणी मिळते का बघायला. ओढणीच्या घडीत करडगी होती.

भुवी पायरीवर बसून खेळाचे बूट पुशीत होती. शरणम्मा करडगी पदरात धरून बाहेर आली, हात न लावता, निखारा धरावा तशी. तिनं आवाज चढवलासुद्धा नाही. तिचा खरा राग असाच असतो.

"खेळायला आड यायलं होतं व्हय हे?" ती म्हणाली. "काढून पेटीत टाकलीस. आई पण आडच यायली तुला. मलाबी टाक पेटीत, कुलूप लाव. मग चेंडू बांध गळ्यात आणि फिर गुलबर्गा."

भुवी उभी राहिली. तिनं तोंड उघडलं होतं, ती काहीतरी सांगणार होती, हे मी माझ्या ओसरीवरून बघितलं. तेवढ्यात समोरच्या दारात दोन बायका आल्या, वरच्या गच्चीवरून कुणी वाकलं. भुवीनं त्यांच्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

"तू माझी पेटी उघडलीस," एवढंच म्हणाली.

"तुझी पेटी? ह्या घरात तुझं-माझं कधीपासून आलं?"

भुवीनं बूट उचलले आणि आत गेली. शरणम्मानं करडगी देवळीत ठेवली, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, जिथं पंचाक्षरीचा फोटो आहे. आणि घराला ऐकू जाईल अशा बेतानं कमलम्माला सांगितलं की ज्या दिवशी पोरगी पाया पडून चुकलं म्हणेल त्या दिवशी तिनं ती आपल्या हातानं उचलावी. तोवर लिंगाशिवाय जेवणाऱ्या माणसाबरोबर मी एका ताटात बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवी माझ्याकडं आली. केस ओले, हातात तांब्या आणि भस्माची डबी. मामा, इथं बसू का, म्हणाली. मी म्हटलं बस. तिनं पूर्वेकडं तोंड केलं, डावी बाही वर सारली. दंडाला पांढऱ्या कापडाची पट्टी घट्ट बांधलेली होती. तिनं गाठ सोडली, घडी उलगडली, आणि लिंग तळहातावर घेतलं.

मी भिंतीला टेकलो. तिनं शांतपणे पूजा केली. पाणी, भस्म, माझ्या दारातल्या बेलाचं पान. मग लिंग परत कापडात गुंडाळून दंडाला बांधलं, एका हातानं आणि दातांनी गाठ ओढून. तेव्हा मला तिच्या गळ्याखाली निळा-हिरवा डाग दिसला.

मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, झेलताना चेंडू छातीवर यायचा आणि मधे करडगी. रोज त्याच जागी बसायचं. एकदा उडी मारताना करडगी उसळून ओठाला लागली. मंजुश्री मिस म्हणाल्या, खेळापुरती काढून ठेव. भुवी त्यांना म्हणाली, खेळ सोडेन पण हे काढणार नाही. मग तिला मी कधीतरी सांगितलेलं आठवलं, की आमचे अप्पा विहिरीवर मोट हाकताना लिंग कापडात गुंडाळून दंडाला बांधायचे. ते रीतीला धरूनच आहे, पूर्वी शेतात राबणारी बरीच माणसं तसंच करायची. शरणम्मा तेव्हा फार लहान होती, तिला ते माहीत नाही. भुवीनं माझ्याकडून जुन्या धोतराचा तुकडा मागून नेला होता. मला वाटलं चेंडू पुसायला.

म्हणजे देवळीत होती ती नुसती चांदीची डबी. दुसऱ्याचं लिंग उघडून बघायचं नाही म्हणून शरणम्मानं ती उघडली नव्हती, आणि पदरात धरल्यामुळं हलकी लागते का हेही तिला कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "आत्ता जा आणि दाखव तिला."

"न्हाई दाखवणार."

"अगं, ती उपाशी राहायली तुझ्यापायी."

"तिनं विचारावं, मामा. दफ्तर बघती, फोन बघती, पेटी बघितली. आता बाही वर करून हेबी दाखवू? एवढं एकच माझं हाय. तिनं मला एकदा विचारावं, मी सांगती." मग म्हणाली, "तुम्ही सांगितलात तर तुमच्या घरी पाय ठेवणार न्हाई."

मला तिचाही राग आला. अंगावर लिंग आहे आणि आई तिकडं जळते आहे, हे तिला दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी कबूल झालो.

त्यापुढचे दिवस वाईट गेले. शरणम्मा रोज सकाळी पूजा झाली की देवळीत करडगीवर फूल वाहायची, लांबूनच, बोटांच्या टोकानं. स्वतःच्या लिंगाला एक फूल आणि त्या रिकाम्या डबीला मूठभर. भुवी समोर बसून स्टीलच्या ताटलीत चटणी-भाकरी खायची, आणि शरणम्मा पाठ फिरवायची. तिच्या लेखी पोरगी रोज पूजेशिवाय जेवत होती. तिला ते बघवत नव्हतं, आणि जेवू नको असंही म्हणवत नव्हतं. पितळी ताटात ती एकटी बसायची. भाकरीचा पापुद्रा काढून बोटांत चुरत राहायची.

कमलम्मा तोंडाळ आहे. ती म्हणाली, अक्का, डबीला एवढी फुलं वाहायलीस, त्यातला एक गजरा पोरीच्या केसात घातला असतास तर देवाला चाललं असतं. शरणम्मानं तिला त्या दिवशी घरी पाठवून दिलं आणि सगळ्या भाकऱ्या एकटीनं थापल्या. थापण्याचा आवाज संध्याकाळपर्यंत चालला होता. भाकरीवर हात पडत होते की कुणाच्या पाठीवर, असं वाटावं.

मी सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता, पण विचार म्हणायला काही हरकत नव्हती. मी गेलो. ती चुलीपाशी होती. मी म्हटलं की एकदा, फक्त एकदा पोरीला विचार की काय झालं.

तिनं तवा खाली उतरवला.

"मी विचारू? अण्णा, भूक लागायची तिला तर तिच्या आधी मला कळायचं. ताप चढायच्या आधी मला कळायचा. तिला काय झालंय हे मी तिला विचारायचं म्हणजे ती माझी न्हाई असंच की मग."

 मी नुसता उभा राहिलो, चन्नवीर आला होता त्या दिवशी राहिलो होतो तसा. पण बाहेर येताना माझे कान तापले होते. विचारल्यानं पोर परकी होते, हे कुठलं शास्त्र? जनावरालासुद्धा आपण चारा पुढं करून बघतो, खाईल की नाही म्हणून. बाईनं एवढी जन्मभर माणसांना जाब विचारला, खानावळवाल्याला, नगरपालिकेला, दिराला; आणि घरातल्या पोरीला एक साधा प्रश्न विचारायची वेळ आली तर जीभ टाळूला चिकटली.

मंजुश्री मिस घरी आल्या. हुमनाबादकडची तरुण बाई, कन्नडमध्ये बोलत होती. शरणम्मानं त्यांना पाट दिला, पाणी दिलं, शेंगांची चटणी घालून भाकरी दिली, आणि त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, पोरीला अक्कल आली की मी पाठवीन; पाया पडू दे, देवळीतलं घेऊ दे. मिसनी भुवीकडं बघितलं. भुवी म्हणाली की जी चूक केली नाही तिच्यासाठी मी पाया पडणार नाही. मिसना काय चाललं आहे ते कळलं नाही. त्या जाताना म्हणाल्या, अव्वा, म्हणजे आई, मी पोरी पळवून नेत नाही. सकाळच्या गाडीनं आम्ही निघणार. तुम्ही स्वतः स्टँडवर येऊन हो म्हणालात तर ती गाडीत बसेल, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी तयार आहे.

पळवून नेत नाही, हा शब्द नेमका लागला असावा. मिस गेल्यावर शरणम्मा बराच वेळ उंबऱ्यात उभी होती, हात रिकामे.

निघायच्या दिवशी सकाळी भुवी माझ्याकडं पूजा करून, पिशवी खांद्याला लावून सरळ स्टँडकडं चालू लागली. आईला सांगून नाही. मी विचारलं, परवानगी नाही तर कशाला जातेस. म्हणाली, बाकीच्यांना पोचवायला तरी जाऊ दे. पिशवी कशाला मग, असं मी विचारलं नाही. मीही मागून निघालो. माझ्यानं तिच्यासारखं चालवत नाही, मी पोचलो तेव्हा कलबुर्गीची गाडी लागली होती आणि निळ्या टीशर्टातल्या मुली खिडकीच्या जागेवरून भांडत होत्या. भुवी खालीच उभी होती, मिसच्या शेजारी, गाडीच्या दाराकडं न बघता.

तेवढ्यात शरणम्मा आली. कोपरापर्यंत पीठ, केस सुटलेले, पदराची पुरचुंडी छातीशी धरलेली. अनवाणी. ती गाडीकडं आली तशी मुली गप्प झाल्या. मला वाटलं, आता स्टँडवर सगळ्यांसमोर पोरीच्या कानाखाली बसते.

तिनं पुरचुंडी पुढं केली. आत करडगी होती.

"घाल," ती म्हणाली. धाप लागली होती. "पाया पडू नको. चुकलंबी म्हणू नको. घाल आधी. त्याच्याशिवाय तू हुमनाबादच्या पुढं जायलीस आणि मी भाकरी थापत बसू व्हय? वाटेत काय झालं तर कोण हाय तुझ्याजवळ?"

भुवीनं हात पुढं केला नाही. 

"रिकामी हाय ती, अव्वा."

शरणम्मानं पदराकडं बघितलं. डबीला हात लावला नाही. मग तिनं भुवीच्या गळ्याकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं. मी एवढ्या वर्षांत तिला असं कधी बघितलं नव्हतं. काही माहीत नसलेल्या माणसासारखी.

"मग तुझं लिंग कुठंय?" तिनं विचारलं.

भुवीनं आईचा पिठाचा हात धरला आणि आपल्या डाव्या दंडावर ठेवला, टीशर्टच्या बाहीवरून. शरणम्माची बोटं थांबली. गाठ लागली असणार. तिनं हात लगेच मागं घेतला, दुसऱ्याच्या लिंगावरून घ्यावा तसा. निळ्या बाहीवर बोटांचे पांढरे ठसे राहिले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. एक दिवस काढलं न्हाई."

"सांगितलं कामून न्हाईस?"

"तू विचारलं कामून न्हाईस?"

दोघींचे डोळे वाहत होते आणि दोघी एकमेकींकडं रागानंच बघत होत्या. कंडक्टरनं दोन वेळा पत्रा वाजवला. मिसनी हळूच विचारलं की काय करू. शरणम्मा त्यांच्यावर खेकसली, "न्या की. उभ्या कशाला राहिलात?" मग भुवीला म्हणाली, "गाठ घट्ट हाय का?"

"हाय."

"कापड कुठलं ते?"

भुवी पायरीवर चढली होती. ती वळली, तिनं गर्दीत मला शोधलं, आणि बोलू नये ते बोलून गेली. "मामाच्या धोतराचं."

गाडी हलली. शरणम्मानं गाडीकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोज तुझ्या घरी बसून पूजा करायची ती. आणि मी रोज रिकाम्या डबीला फुलं वाहायची, आणि तू ओसरीवर बसून बघायचास."

मी म्हणालो की पोरीनं शब्द घेतला होता. मी म्हणालो की मी तुला विचार म्हणून सांगायला आलो होतो. ती ऐकायला थांबली नाही. ती पुढं, मी मागं, असे आम्ही किल्ल्याच्या रस्त्यानं घरी आलो. रस्ताभर तिची पाठ बघत होतो. तेव्हापासून ती बोललेली नाही.

आणि मला राग आला आहे तो याचाच. पोरीनं लपवलं, तिला माफी. तिनं स्वतः गल्लीसमोर पोरीची अब्रू काढली, त्याची कुठं वाच्यता नाही. शिक्षा कुणाला, तर मला. ज्यानं धोतर फाडून दिलं आणि तोंड मिटून ठेवलं त्याला. हे मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नाही, म्हणून इथं म्हणतो.

भुवी परत आली. दुसऱ्याच सामन्यात हरल्या त्या. कोपर सोललं होतं, आवाज बसला होता. त्या चार दिवसांत शरणम्मानं पितळी ताट घासून फळीवर पालथं घातलं होतं आणि बाजारातून आणखी एक स्टीलची ताटली आणली होती. देवळीत आता फक्त पंचाक्षरीचा फोटो आहे. करडगी तिनं राखेनं घासून भुवीला दिली, पेटीत ठेवली नाही, हातात दिली आणि कुठं ठेवायची ते तू बघ म्हणाली. खेळ नसेल तेव्हा भुवी ती गळ्यात घालते.

दोघींत गोडवा आला आहे असं मात्र कुणी समजू नये. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. कुठं जायलीस? कुणाबरोबर? परत कधी येणार? डोक्याला तेल लावू का, का तेबी तुझं तू लावणार? भुवीही तशीच ताडकन उत्तर देते. पण पेटीचं झाकण वाजलेलं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

काल संध्याकाळी कमलम्मा ताटली न्यायला आली आणि दारात घुटमळली. शरणम्माचा निरोप होता. मी म्हटलं सांग. ती म्हणाली, अक्कानं विचारलंय, ते फाटकं धोतर अजून हाय का? पोरीच्या पट्टीच्या कडा उसवायल्यात, सामन्यात सुटली तर काय करायचं. उरलेलं पाठवून दे म्हणावं, मी टीप घालून देते. आणि म्हणावं, कापड फाडायची अक्कल न्हाई तर कात्री मागून न्यावी.

मी धोतर काढून ठेवलं आहे. कमलम्माच्या हातून पाठवणार नाही. शरणम्माला पाहिजे असेल तर तिनं यावं आणि मागावं.